जळक्या लोकरीचा वास

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी सहा वर्षं एकाच विषाणूच्या एकाच प्रथिनावर काम केलं. विषाणू हर्पीसचा, ओठाच्या कोपऱ्यावर तापाचे फोड आणणारा. बहुतेकांच्या अंगात तो लहानपणीच शिरतो आणि जन्मभर नसांच्या गाठींत दडून राहतो. ऊन लागलं, जागरण झालं, अंगात कणकण आली की वर येतो, चार दिवस ओठ चुरचुरतो आणि पुन्हा खाली जातो. इतका घरोघरचा, की त्याच्यावर सहा वर्षं घालवली असं सांगितलं तर लोक हसतात.

हुमनाबादजवळच्या दुबलगुंडी गावी, आमच्या घरी कुणी हसलं नाही, कारण कुणाला ते कळलंच नव्हतं. पोरगी डॉक्टर होणार, एवढं आईला समजलं होतं आणि तिनं ते गावभर सांगून टाकलं होतं. मी रोगी तपासणारी डॉक्टर होणार नाही, हे मी तिला तीन-चार वेळा सांगितलं. ती दर वेळी "व्हय व्हय" म्हणाली आणि शेजारणीला पुन्हा तेच सांगत राहिली.

नीट विचारून घेतलं ते फक्त अक्कानं.

अक्का माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा मी सातवीत होते आणि मेंढरं तिच्याकडे आली. तिचं लग्न झालेलं होतं. आम्हाला भाऊ नाही, म्हणून दाजीच घरजावई होऊन आमच्याकडे राहायला आले. आजोबांच्या काळात आमची माणसं कळप घेऊन वर्षातले आठ महिने फिरत. वडिलांनी ते बंद केलं, थोडी कोरडवाहू जमीन केली. दाजी शेतात आणि दुसऱ्यांच्या कामाला जायचे, चाळीस-पंचेचाळीस मेंढ्या अक्का सांभाळायची. मला त्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. तिला प्रत्येकीचं तोंड वेगळं दिसायचं. संध्याकाळी वाडग्याच्या दाराशी ती उभी राहायची, कळप आत जायचा आणि ती मोजायची नाही, नुसती बघायची. मग म्हणायची, "कानफाटीचं कोकरू मागं राहिलंय," आणि ते खरंच मागं राहिलेलं असायचं.

एका दिवाळीत मी घरी आले होते. अक्का अंगणात एका मेंढीचे पाय बांधून लोकर कातरत होती. मी समोर जाऊन बसले.

"तू तिथं दिवसभर काय करतीस गं?" तिनं विचारलं.

"रक्ताचं काम, अक्का."

"कुणाचं रक्त?"

"मेंढीचं."

तिची कात्री थांबली. "मारता?"

"न्हाई गं. मानेच्या शिरेतनं सुईनं थोडं काढतेत. मेंढी परत चरायला मोकळी."

"मग ठीक हाय." तिनं पुन्हा कातरायला घेतलं. "आन् त्या रक्ताचं काय करता?"

मी सांगायला लागले. माणसाच्या रक्तात काही प्रथिनं नुसती फिरत असतात. परकं काही भेटलं की त्यातलं एक तुटतं आणि त्याचा तुकडा त्या परक्याच्या अंगाला चिकटतो. त्या तुकड्यावर दुसरं प्रथिन येऊन बसतं, त्याच्यावर तिसरं, असं करत करत शेवटी त्या परक्या पेशीला भोकच पडतं. ह्या सगळ्या साखळीला कॉम्प्लिमेंट म्हणतात. मराठी पुस्तकांत पूरक प्रथिनं. मेंढीच्या रक्तपेशी तयार करून माणसाच्या रक्तातल्या पाण्यात सोडल्या की नळीतलं गढूळ लाल पाणी बघता बघता नितळ लाल होतं. पेशी फुटल्या, कॉम्प्लिमेंटनं काम केलं.

"आन् तुझा किडा?"

"त्याच्या अंगावर एक प्रथिन हाय. चिकटलेला तुकडा ते धरून ठेवतंय. त्याच्यावर दुसऱ्याला बसूच देत न्हाई. मग पाणी गढूळच राहतंय."

"म्हंजी सुरू झालेलं काम मधीच अडवतो."

"व्हय. आन् आणखी एक हाय. शरीर त्याला धरायला प्रतिपिंड पाठवतंय. प्रतिपिंडाचे दोन हात आन् एक शेपूट धर. हातानं ते विषाणूला पकडतंय, आन् शेपटाला धरून बाकीची प्रथिनं गोळा व्हायची असतेत. तर विषाणू त्याचं शेपूटच वाकवून स्वतःच्या अंगाला दाबून धरतो. बाकीच्यांना पत्ताच लागत न्हाई."

मेंढीला दुसऱ्या कुशीवर वळवून अक्का म्हणाली, "लई हुशार हाय की गं ते. मग त्याला मारायचं कसं?"

"तेच बघायलोत."

त्या दिवशी तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर फोड होता. मी तिकडे बोट दाखवून म्हटलं, "ह्योच तो." ती ओठाला हात लावून हसली. "ह्यो? ह्यो तर मला दरसाल उठतो."

प्रबंध झाला, नावापुढे डॉक्टर लागलं आणि पुण्यात पुढचं काम मिळालं नाही. मी कलबुर्गीला एका कॉलेजात गेस्ट लेक्चरर म्हणून लागले. वर्गात कन्नड, घरमालकिणीशी हिंदी, फोनवर आईशी आपली मराठी, असं सुरू झालं. दर रविवारी बसनं हुमनाबाद आणि तिथून गावाकडे. प्रयोगशाळेची आठवण यायची. पण वर्गात प्रतिकारशक्तीचा धडा आला की मला बरं वाटायचं, कारण त्या धड्यातल्या दोन ओळींवर मी दोन तास बोलू शकत होते.

गेल्या वर्षी जानेवारीत, तुरीची कापणी चालू होती तेव्हा अक्काला ताप आला. सोमवारी सकाळी मी कॉलेजला निघाले होते आणि तिचा फोन आला.

"अंगात ताप हाय आन् डोकं एका बाजूनं लई ठणकायलंय."

"थंडी लागली असंल. तापाची गोळी घे आन् दोन दिवस मेंढरामागं जाऊ नको."

"मग कोण जाईल?"

"दाजीला सांग."

"त्यांना काय कळतंय मेंढरातलं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बुधवारी पुन्हा फोन आला. आवाज बारीक होता, पण बोलणं नीट होतं.

"घरात लोकर जळल्यागत वास यायलाय. परवापासनं यायलाय. आईला येईना, ह्यांना येईना."

"चुलीत काहीतरी पडलं असंल, अक्का."

"चुलीत काय न्हाई. मी बघितलं. भाकरी तोंडाजवळ नेली तरी तोच वास."

मी हसले. खरंच हसले. म्हटलं, "नाक बंद झालंय तुझं. तापात होतंय असं." वर्गाची घंटा झाली होती. मी फोन पिशवीत टाकला आणि आत गेले.

हे मी नंतर किती वेळा आठवलं असेल, सांगता येत नाही. ताप, एका बाजूचं डोकं आणि नसलेला वास. हा विषाणू क्वचित कधीतरी ओठाकडे न येता उलटा मेंदूकडे जातो. गेला की बहुतेकदा कानाच्या आतल्या बाजूच्या भागात उतरतो. तिथं वासाची आणि आठवणींची ठिकाणं आहेत. माणसाला नसलेले वास येतात. माझ्या प्रबंधाच्या पहिल्याच पानावर, हा विषाणू काय काय करतो हे सांगताना, मेंदूच्या ह्या आजाराचं एक वाक्य होतं. मी ते स्वतः लिहिलं होतं. प्रबंधाच्या पहिल्या पानावर लिहायचं असतं म्हणून लिहिलं होतं.

गुरुवारी काय झालं ते मला दाजींनी नंतर सांगितलं. अक्का सकाळी उठून वाडग्यात गेली आणि बाहेरच येईना. दाजी बघायला गेले, तर ती कळपाच्या मधोमध उभी राहून हसत होती. मग आईला शिव्या द्यायला लागली. अक्कानं जन्मात आईला शिवी दिली नव्हती. दुपारी ती स्वतःशीच काहीबाही बोलू लागली. शब्द आपलेच, पण एकाला एक लागेना. आईनं तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, "ही माझी लेक न्हाई. हिच्या अंगात कुणीतरी हाय."

आमच्याकडे असं झालं की माणसं गाणगापूरला जातात. आईलाही लहानपणी एकदा तिथं नेलं होतं म्हणे. मला फोन केला नाही. मी आरडाओरडा करीन, आई म्हणाली, आणि पोरीला भलत्या सुया टोचतील. शुक्रवारी सकाळी एका जीपमध्ये घालून ते तिला गाणगापूरला घेऊन गेले. दुपारच्या आरतीला तिथं अशी कितीतरी माणसं असतात, घुमणारी, किंचाळणारी, खांबाला धरून उलटी लटकणारी. त्यांच्यात अक्काला बसवलं.

दुपारी एकच्या सुमाराला मी परीक्षेच्या कामात होते आणि दाजींच्या नंबरावरून फोन आला. आवाज दाजींचा नव्हता.

"तुम्ही ह्या बाईंच्या बहीण का? मी इथला पुजारी बोलतोय."

"इथला म्हणजे कुठला?"

"गाणगापूर. हे बघा ताई, ह्यांचं अंग भाजायलंय. आणि तोंडाचा एक कोपरा सारखा उडतोय. मी रोज अंगात आलेली माणसं बघतो. हे ते नव्हे. मी ह्यांना सांगितलं, आधी दवाखाना करा, दत्तमहाराज कुठं जात नाहीत. पण तुमच्या आई ऐकेनात. त्या म्हणाल्या, धाकटी डॉक्टर आहे, ती सांगेल तर नेऊ. तुम्ही डॉक्टर ना?"

मी म्हटलं, "न्हाई. म्हणजे हो, पण..."

"मग सांगा त्यांना," तो म्हणाला आणि फोन आईकडे दिला.

आईशी मी काय बोलले ते आठवत नाही. ओरडले असणार. तोंडाचा कोपरा उडतोय, हे ऐकल्यावर माझ्या हातातल्या उत्तरपत्रिका टेबलावर कशा ठेवल्या हेही आठवत नाही. त्या क्षणी मला सगळं एकदम कळलं. सोमवारपासूनचं सगळं. पाच दिवस मला जे कळलं नाही ते एका पुजाऱ्यानं तिच्या कपाळाला हात लावून ओळखलं होतं.

जीप कलबुर्गीला पोचेपर्यंत मी दवाखान्याच्या फाटकात उभी होते. अक्काला उतरवलं तेव्हा तिचं डोकं दाजींच्या खांद्यावर होतं आणि डोळे अर्धे उघडे. कपाळावर अंगारा होता. मी हाक मारली. ती माझ्याकडे बघत होती, पण मी दिसत होते की नाही, सांगता येत नव्हतं. आत नेता नेताच तिला मोठी फीट आली.

तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान असतील. त्यांनी वेळ घालवला नाही. तपासणीचे निकाल यायच्या आधीच ह्या विषाणूवरचं औषध, असायक्लोव्हिर, शिरेतून चालू केलं. मग डोक्याचा एमआरआय झाला, पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. एमआरआयची फिल्म दिव्यासमोर धरून त्यांनी मला डावी बाजू दाखवली. तिथं पांढरं पसरलं होतं, दूध सांडल्यासारखं. उजवीकडेही थोडं.

"किती दिवस झाले?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं.

"पाच."

"दोन दिवस आधी आणायला पाहिजे होतं."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. हर्पीस नावाचा एक विषाणू असतो, साधाच असतो, ओठावर फोड आणतो, कधीकधी मेंदूत जातो. त्या हळू, सोप्या शब्दांत सांगत होत्या, खेड्यातून आलेल्या माणसाला सांगावं तसं. मी मान हलवत ऐकून घेतलं. मी कोण आहे, काय शिकले, हे त्यांना सांगितलं नाही. लाज वाटली असं म्हणणं सोपं आहे. खरं म्हणजे त्या क्षणी माझ्याजवळ सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यांच्याजवळ औषध होतं.

एकवीस दिवस सलाईन चाललं, दिवसातून तीन वेळा औषध. पहिला आठवडा अक्का झोपूनच होती. मी तिच्याजवळ बसून मोबाईलवर जुने शोधनिबंध उघडायचे. मला काहीतरी सापडेल असं वाटत होतं. काय, ते माहीत नव्हतं. जे मला आधीपासून माहीत होतं तेच पुन्हा वाचत होते. तो तुकडा धरून ठेवणारं प्रथिन, ती वाकवलेली शेपटी. कातडीवर आणि रक्तात ह्या युक्त्या चालतात. नसेतून सरळ मेंदूत उतरणाऱ्या विषाणूला रक्तातल्या कॉम्प्लिमेंटशी फारसा सामनाच करावा लागत नाही. मेंदूत मुळात ती प्रथिनं कमी पोचतात. आणि नंतर जी सूज येते, जे नुकसान होतं, त्यात आपल्याच कॉम्प्लिमेंटचाही हात असावा असं काही जणांना वाटतं. म्हणजे मी सहा वर्षं ज्याला वाचवणारं समजत होते, ते अडवलं गेलं म्हणून अक्का अशी झाली, की ते आत पोचलं म्हणून, हेसुद्धा मला सांगता येत नव्हतं.

दहाव्या दिवशी तिनं मला ओळखलं. "कवा आलीस?" म्हणाली. मी तिचा हात धरून रडले. आईनं बाहेर जाऊन गाणगापूरच्या दिशेला हात जोडले. आम्हाला तिघांनाही वाटलं, संकट संपलं.

दहा मिनिटांनी तिनं पुन्हा विचारलं, "कवा आलीस?"

घरी सोडायच्या आधी डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवून तपासणी केली. अक्काला कन्नड येतं, पण मराठीतच विचारावं म्हणून मी शेजारी बसले. छत्री, ती म्हणाली. घड्याळ. विळा. कात्री. सायकल. सगळं बरोबर, झटझट. मग मेंढीचं चित्र आलं.

अक्का थांबली. "जित्राब हाय," म्हणाली.

"कंचं?"

"चार पायाचं." तिनं माझ्याकडे बघितलं. "कुत्रं का?"

मला वाटलं ती थट्टा करतेय. पुढचं चित्र कोंबडीचं होतं. तेही तिला आलं नाही. आंबा आला नाही. वांगं आलं नाही. मग हातोडा आला आणि ती लगेच म्हणाली, "हातोडा." डॉक्टरीणबाईंनी चित्रं गोळा केली. म्हणाल्या, मेंदूचा हा भाग गेला की काही माणसांचं असं होतं, वस्तू राहतात आणि जिवंत गोष्टी जातात. परत येईल का, मी विचारलं. त्या म्हणाल्या, थोडंफार येतं कधी. त्यांनी खोटी आशा लावली नाही. तेव्हा मला त्यांचा राग आला होता.

गावी आलो त्या दिवशी दाजींनी मुद्दाम मेंढरं लवकर आणून ठेवली होती. त्यांना वाटत होतं, चित्रात दिसलं नाही तरी समोर दिसल्यावर आठवेल. मलाही वाटत होतं. अक्का रिक्षातून उतरली आणि कळप तिला बघून ओरडत वाडग्याच्या काटेरी कुंपणाशी गोळा झाला. अक्का दोन पावलं मागं सरली आणि माझा दंड धरला.

"हे काय हाय गं? हाकला की कुणीतरी."

दाजी आत गेले, कानफाटीला कानाला धरून बाहेर घेऊन आले. "बघ की. हिला न्हाई वळखत? तूच बाटलीनं पाजलीस हिला."

अक्कानं बघितलं. मन लावून बघितलं, चेहऱ्यावर कष्ट दिसत होते. मेंढी तिच्या लुगड्याला तोंड घासत होती. मग अक्का मला हळूच म्हणाली, "चावतंय का?"

दाजी मेंढी घेऊन आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

काही दिवसांनी त्यांनी तिच्या हातात लोकर कातरायची कात्री दिली. ती तिनं बरोबर धरली, दोनदा उघडून मिटून धार बघितली, म्हणाली, "लावून आणा, बोथट झालीय." पण समोर मेंढी बांधली तर विचारलं, "ही इथं कामून बांधलीय?"

आई माझ्याशी आठ-दहा दिवस बोलली नव्हती. एका रविवारी मी भांडी घासत होते, तेव्हा ती मागं येऊन उभी राहिली.

"डॉक्टरीण म्हणत होती, ह्यो ओठावरच्या फोडाचाच किडा."

"व्हय."

"तू ह्योच शिकायला गेली होतीस ना गं? सहा वर्षं?"

"व्हय."

"मग?"

मी हातातलं ताट विसळत राहिले. मला सांगायचं होतं की मी शिकले ते वेगळं. एका तुकड्याला एक प्रथिन कसं धरतं, एवढंच. आजारी माणूस कसा दिसतो, ते मला कुणी शिकवलं नाही, मीही विचारलं नाही. मला हेही सांगायचं होतं की तिनं गाणगापूरला नेण्यात एक दिवस गेला, आणि माझ्या हसण्यात दोन. पण तिला तिच्या एका दिवसाचं ओझं पुरेसं होतं. आणि माझे दोन दिवस तिला माहीतच नव्हते. वासाची गोष्ट मी आजपर्यंत तिला सांगितलेली नाही. दाजींनाही नाही.

"काय न्हाई आई," मी म्हटलं. "काय न्हाई आलं मला."

ती आत गेली.

चैत्रात दाजींनी कळप बसवकल्याणच्या एका माणसाला देऊन टाकला. त्यांना एकट्याला होईना. दोन कोकरं आजारी पडून मेली ती त्यांना कळलीच नाहीत, अक्कानं लांबून बघून सांगितलं असतं. टेम्पो आला तेव्हा मी तिथं होते. मेंढ्या चढेनात. शेवटी दाजींनी कानफाटीला उचलून वर घातली आणि बाकीच्या तिच्या मागं गेल्या. अक्का ओट्यावर बसून बघत होती. टेम्पोच्या फळीची कडी लागेना तर तीच उठली, त्या माणसाला बाजूला सारलं, कडी जरा वर उचलून बरोबर बसवली. टेम्पो गेल्यावर म्हणाली, "बरं झालं. लई घाण वास मारत होती."

पुण्याच्या माझ्या मार्गदर्शकांचा फोन आला तो जूनमध्ये. मी हुमनाबादच्या पुढं बसमध्ये होते. आमचा शेवटचा शोधनिबंध छापून आला होता, चार-पाच नावांत माझंही होतं. त्यांनी अभिनंदन केलं, बहीण कशी आहे विचारलं. मी बरी आहे म्हटलं. निबंध मी मोबाईलवर उघडून बघितला. त्या प्रथिनाचा एक लहानसा वळसा, त्यातले नेमके कोणते कण बदलले की विषाणूला तो तुकडा धरता येत नाही, ते दाखवलं होतं. नळीतल्या मेंढीच्या पेशी फुटतात, पाणी नितळ होतं. काम चांगलं झालं होतं. आकृत्या स्वच्छ होत्या. मी शेवटपर्यंत वाचला आणि फोन बंद केला. गाव आलं तेव्हा उतरले.

अक्का उंबऱ्यात बसली होती आणि दाजी तिच्या केसांना तेल लावत होते. मला बघून ती उठली. "जेवलीस का?"

"न्हाई अजून."

तिनं चूल पेटवली, तवा ठेवला, परातीत पीठ मळलं. भाकरी अशी गोल थापली की मला वाटलं काही झालंच नाही. मग भाजीच्या टोपलीसमोर जाऊन ती उभीच राहिली. मी उठून वांगी काढून दिली. तिनं ती चिरली. आम्ही जेवलो. हात धुऊन मी बसते तोवर ती समोर आली.

"कवा आलीस? जेवलीस का?"

मी जेवले म्हटलं. थोड्या वेळानं पुन्हा. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. साडेचारच्या बसपर्यंत अक्कानं मला सात-आठ वेळा जेवायला विचारलं, आणि प्रत्येक वेळी तितक्याच मायेनं. शेवटी शेवटी मी तिच्याकडे न बघता मान हलवत होते.

दाजी फाट्यापर्यंत सोडायला आले. बस यायची होती. ते धोतराला हात पुसत उभे होते. मग म्हणाले,

"बाई, एक सांगू? दर रविवारी एवढी दगदग कामून करता? आमचं आमी बघताव. तुमी आला न्हाईत तर तिला कळत न्हाई, तुमी आला न्हाईत म्हणून."

ते चांगल्या मनानंच म्हणत होते. बस आली, मी चढले.

पुढच्या रविवारी मी गेले नाही.